हिवाळ्यात जिंकणारा माणूस

शिरीष वाघोलीकर या गृहस्थांनी स्वतः फेकलेला चेंडू मी आयुष्यात एकदाच पाहिला. आमच्या टीमची पहिलीवहिली मॅच होती आणि उद्घाटनाचा चेंडू आपणच टाकणार असा त्यांचा हट्ट होता. अमेरिकेत म्हणे मोठमोठे लोक असा मानाचा चेंडू टाकतात. त्यांनी कोट काढून एकाच्या हातात दिला, बाह्या सरसावल्या, डावा पाय छातीपर्यंत नेण्याचा प्रयत्न केला आणि हात सोडला. मी मैदानाच्या कडेला, पार एका बाजूला, स्कोअर लिहायला बसले होते. चेंडू माझ्या चहाच्या थर्मासवर येऊन आदळला. कोणी हसलं नाही, कारण टीममधले निम्मे लोक ऑफिसात त्यांच्या हाताखाली होते. मी हसले. मी त्यांच्या हाताखाली नव्हते, मी टेस्टिंगमध्ये होते, आणि दुसऱ्यांच्या कामातले दोष काढण्यावरच माझं पोट चालतं.

तर अशा या माणसाने इथे आयर्लंडात, सिटीवेस्टमधल्या मराठी मंडळींची बेसबॉलची टीम काढली, तिचं नाव ठेवलं 'सिटीवेस्ट मावळे' आणि स्वतःला नेमलं जनरल मॅनेजर. कॅप्टन नाही, कोच नाही, जनरल मॅनेजर. ईमेलच्या खालीसुद्धा तेच लिहायचे. लोक तोंडावर 'जीएम' म्हणायचे आणि पाठीमागे जे म्हणायचे ते लिहिण्याजोगं नाही. कंपनीने त्यांना काही वर्षं अमेरिकेत ठेवलं होतं. तिकडून येताना लोक चॉकलेटं आणतात, परफ्यूम आणतात, यांनी बेसबॉल आणला. बरं, खेळ आवडला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. यांना आवडायचा तो खेळ बंद असतानाचा भाग. तिकडे सामने संपले की खेळाडूंची उचलाउचल सुरू होते, ती वसंत ऋतू येईपर्यंत चालते. कोणत्या टीमने कोणाला घेतलं, कोणाला किती वर्षांसाठी बांधलं, कोणाच्या खांद्याचं काय झालं, यात वाघोलीकरांचा जीव अडकलेला. "मॅच उन्हाळ्यात खेळतात, वहिनी, पण जिंकतात हिवाळ्यात," हे त्यांचं ब्रीदवाक्य. ते मी इतक्या वेळा ऐकलंय की नोव्हेंबर लागला की माझं कपाळ आपोआप ठणकायला लागतं.

लुआस ट्राममधून उतरून, वाऱ्याने उलटी झालेली छत्री सरळ करत आपण सकाळी ऑफिसात शिरावं, तर कॉफीच्या मशीनपाशी हे उभे. चेहरा असा की घरात मुलीचं लग्न ठरलंय. "झालं साइन!" म्हणायचे. कोण झालं साइन? तर अमेरिकेतला कोणी डावरा पिचर. बेसबॉलमधल्या गोलंदाजाला पिचर म्हणतात, तो एका उंचवट्यावर उभा राहून जीव खाऊन चेंडू फेकतो, एवढं मला तोवर कळलं होतं. मग त्या पिचरचं वय, त्याचा वेग, त्याच्या कोपरावर झालेलं ऑपरेशन, ते कोणत्या डॉक्टरने केलं, सगळं ऐकून घ्यावं लागायचं. आणि यांच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मुलीला बाळ झालं, ती सुट्टीवर गेली, परत आली, बाळ चालायला लागलं, तरी यांना पत्ता नव्हता. एक दिवस तिला विचारतात, "हल्ली दिसत नव्हतीस, सुट्टीवर होतीस का?"

खिशात कायम सूर्यफुलाच्या बिया. अमेरिकन खेळाडू चघळतात म्हणून हेही चघळायचे आणि टरफलं कागदी कपात थुंकायचे. तो कप मग ज्याच्या टेबलावर बोलत उभे असतील त्याच्या टेबलावर राहायचा. हातात वेग मोजण्याचं यंत्र, पोलिसांकडे असतं तसलं. ते घेऊन हा माणूस कोणाच्याही वाढदिवसाला जायचा. एकदा आमच्या शेजाऱ्यांच्या सहा वर्षांच्या मुलाच्या पार्टीत पोरं बागेत चेंडू टाकत होती, तर हे यंत्र रोखून उभे. एका मुलाच्या आईला सांगायला लागले की याचा खांदा लवकर उघडतोय, आत्ताच लक्ष द्या. ती बिचारी घाबरली, तिला वाटलं मुलाला काही आजार आहे. शेवटी यांचीच मुलगी आली आणि आपल्या आयरिश इंग्रजीत म्हणाली, "डॅड, नोबडी केअर्स." मला ती मुलगी फार आवडायची.

पण त्यांचा खरा सोहळा नवरात्र संपताना असायचा. बाकीच्यांच्या घरी खंडेनवमीला लॅपटॉप पूजतात, गाडीची किल्ली पूजतात, फार तर मिक्सरला हळद-कुंकू वाहतात. वाघोलीकरांच्या घरी चौरंगावर ते वेग मोजायचं यंत्र असायचं, वर झेंडूचं फूल. आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, साइनिंग. ज्याला टीममध्ये घ्यायचं त्याला सहकुटुंब श्रीखंड-पुरीला बोलवायचं, सोफ्यावर मधोमध बसवायचं आणि पुण्याहून आलेलं, पुस्तकात वाळवलेलं आपट्याचं पान सगळ्यांसमोर हातात द्यायचं. "हे सोनं घेतलंस म्हणजे करार झाला. हा तुझा साइनिंग बोनस." टाळ्या, फोटो, पुरी. दसऱ्याचं सोनं घेऊन नाही कसं म्हणणार? आपल्या माणसाला बरोबर कुठे धरायचं ते या माणसाला कळत होतं, हे मात्र खरं. त्यांची बायको वैदेही स्वयंपाकघरात पुऱ्या लाटता लाटता मला म्हणाली होती की बाकीच्यांना इथला हिवाळा अंधारासाठी नको असतो, मला यांच्यासाठी नको असतो.

माझ्या नवऱ्याला, मंदारला, असंच श्रीखंड चारून कॅचर केलं. कॅचर म्हणजे विकेटकीपर, फक्त त्याला सगळा वेळ उकिडवं बसावं लागतं. मंदार म्हणाला, माझे गुडघे दुखतात. तर जीएम म्हणाले, गुडघे मॅनेज करू. गुडघे याचे, शेक देणार मी, आणि मॅनेज हे करणार! पुढे जानेवारीत एका संध्याकाळी मंदार भेंडी चिरत होता आणि व्हॉट्सॲपवर जाहीर झालं की मंदारला ड्रोहेडा गावच्या टीमला देण्यात आलं आहे, बदल्यात त्यांचा एक डावरा फलंदाज आणि सरावाची एक जाळी. नवऱ्याची किंमत जाळीएवढी हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं. मंदारने ड्रोहेडाच्या कॅप्टनला फोन लावला. तो भला आयरिश माणूस ऐकून घेतो, ग्रँड, ग्रँड म्हणतो, आणि शेवटी विचारतो की पण आम्ही तुला मागितलं कधी? वाघोलीकरांनी त्यांना विचारलंच नव्हतं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. आम्ही हसलो, चार घरांत सांगितलं आणि विसरून गेलो.

दत्ता मानेची गोष्ट मात्र हसून सोडून देण्यासारखी नव्हती.

दत्ता मिरजेचा. ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात नर्स होता. तिशीतला, उंच, हाडकुळा, बोलायला लागला की आधी खाली बघणार. सुट्टीच्या दिवशी आमच्याकडच्या क्रिकेट टीममध्ये खेळायला यायचा. सप्टेंबरमध्ये एका मॅचला कॅप्टनने त्याच्या हातात चेंडू दिला. तो नको नको म्हणत होता. त्याने टाकला आणि फलंदाजाला दिसलाच नाही. दुसराही तसाच. पण तिसऱ्या चेंडूला पंचाने हात आडवा केला. नो-बॉल. पाय पुढे पडला म्हणून नव्हे, कोपर वाकवून फेकला म्हणून. क्रिकेटमध्ये याच्याइतकी लाजेची दुसरी गोष्ट नाही. पुढचा चेंडूही तसाच, तेव्हा दत्ताने वाद घातला नाही, चेंडू कॅप्टनच्या हातात ठेवला आणि सीमारेषेवर जाऊन उभा राहिला. कुंपणापाशी वाघोलीकर होते. त्यांनी यंत्रावरचा आकडा पाहिला, डोळे चोळले आणि परत पाहिला. बिया चघळायच्या थांबल्या होत्या.

त्या दसऱ्याला दत्ता इस्त्रीचा शर्ट घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन सिटीवेस्टला आला. सोफ्याच्या अगदी कडेवर बसला. आम्ही होतोच. वाघोलीकर त्याला म्हणाले, "क्रिकेटमध्ये ज्याला चोरी म्हणतात ना दत्ता, त्याला आमच्या खेळात गुण म्हणतात. तुझं कोपर वाकतं, हीच तुझी किंमत आहे." आता हे वाक्य चांगलं होतं. मला तो माणूस डोळ्यांसमोर नको असायचा, तरी मान्य करते, चांगलं होतं. दत्ताच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने न विचारता सगळं सांगितलं.

त्याचे वडील, आप्पा, मिरजेला शाळेत पीटीचे शिक्षक. गावातल्या सगळ्या स्पर्धांना पंच म्हणून तेच. सरळ माणूस, त्यांच्या निर्णयावर कोणी बोलायचं नाही. दत्ता कॉलेजात असताना सगळ्यांत वेगवान टाकायचा, पुढे जाणार असं सगळे म्हणत होते. मग एका स्पर्धेची फायनल, आणि बाजूला पंच म्हणून उभे आप्पा. दत्ताने चेंडू टाकला आणि आप्पांनी हात आडवा केला. सगळ्या गावासमोर. दुसऱ्या चेंडूलाही केला. दत्ताने त्या दिवशी गोलंदाजीचे बूट काढले. आप्पांनीही पंचाचा पांढरा कोट परत कधी घातला नाही.

"आप्पांचं बरोबरच होतं, ताई," दत्ता मला म्हणाला. "घरचं पोरगं म्हणून सोडलं असतं, तर मलाच पटलं नसतं. पण त्या दिवसापासनं आम्ही दोघं खेळाबद्दल एक शब्द बोललो न्हाई."

जुलैत आप्पा महिन्याभरासाठी येणार होते. दत्ताने वाघोलीकरांना एकच अट घातली. मला बाकी काही नको, साहेब, आप्पा असताना एक मॅच मला टाकू द्या, त्यांनी बघायला पाहिजे. वाघोलीकरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, शब्द दिला. मग पान त्याच्या तळहातावर ठेवलं. दत्ताने ते पाकिटात, आईच्या फोटोमागे सरकवलं.

त्या हिवाळ्यात दर शनिवारी दत्ता ड्रोहेडाहून बसने शहरात आणि तिथून लुआसने सिटीवेस्टला यायचा. बरेचदा ड्यूटी संपवून, काही न खाता. सरावाचा हॉल थंडगार. मंदार उकिडवा बसून त्याचे चेंडू झेलायचा आणि घरी आल्यावर सुजलेल्या तळव्यावर गोठलेल्या मटाराची पिशवी धरून बसायचा. माझा नवरा कोणाचं सहसा कौतुक करत नाही, पण एकदा जेवताना म्हणाला, हा माणूस वेगळा आहे. वाघोलीकर हॉलच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून आकडे वाचायचे. दत्ता कोणत्या वॉर्डात काम करतो, एकटा राहतो की कोणाबरोबर, जेवतो काय, हे त्यांनी सबंध हिवाळ्यात विचारलं नाही. एकदा ड्यूटी बदलली म्हणून त्याने शनिवारऐवजी रविवार मागितला, तर त्याला कमिटमेंट या विषयावर प्रवचन दिलं. फेब्रुवारीत त्याचा दंड दुखायला लागला. अमेरिकेतल्या परक्या माणसाच्या कोपरासाठी ज्यांचा घास अडायचा, ते म्हणाले, तू नर्सच आहेस, तुला कळतंच की काय करायचं. मी त्याला घरी बोलवून गरम वरणभात वाढला, तेवढंच माझ्या हातात होतं.

एप्रिलमध्ये सामने सुरू झाले. पहिल्या मॅचला दत्ता उंचवट्यावर उभा राहिला तेव्हा त्याने सवयीने आधी बाजूच्या पंचाकडे पाहिलं. हात आडवा होत नाही हे बघितलं आणि मग जो काही सुटला! समोरचे आयरिश फलंदाज बॅट फिरवायचे आणि मागे वळून मंदारच्या हातातल्या चेंडूकडे बघायचे. मॅच संपल्यावर तिथला म्हातारा अंपायर मला म्हणाला, "युवर मॅन हॅज सम आर्म." आयरिश बोलीत म्हणजे, काय हात आहे त्या गड्याचा! दत्ताला मी ते सांगितलं तर तो लाजून पाणी प्यायला निघून गेला.

आणि मग वाघोलीकरांना कोडी सापडला. कोडी अमेरिकन, एका वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात सहा-आठ महिन्यांसाठी आलेला इंजिनिअर, कॉलेजात पिचर होता. वाघोलीकर ऑफिसात पेढे घेऊन आले. खरोखरचे पेढे. अस्सल अमेरिकन पिचर यांच्या टीममध्ये! कोडीचा यात काही दोष नाही. अंगाने दांडगा, स्वभावाने गरीब, दारातून आत येतानाही सॉरी म्हणणारा मुलगा. पण त्या दिवसापासून मॅच कोडीची आणि दत्ता बाकावर. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, त्यातली गत. दत्ता दर मॅचला ग्लव्ह घालून वेळेवर हजर. साहेबांनी शब्द दिलाय, जुलैत टाकायचंच आहे, म्हणायचा.

जुलैत आप्पा आले. पहिल्या रविवारी दत्ताची ड्यूटी होती, पुढचे दोन रविवार पावसात वाहून गेले. उरला शेवटचा. त्यानंतर आप्पांचं परतीचं विमान. दत्ताचा मला फोन आला, ताई, साहेबांना आठवण करू का, बरं दिसंल का? मी म्हटलं, न दिसायला काय झालं, कर. त्याने मेसेज पाठवला. उलट उत्तर म्हणून अंगठा आला. दत्ताने तो अंगठा आप्पांना दाखवला.

आप्पा मैदानावर आले ते पांढरी पँट, पांढरा शर्ट आणि आयर्लंडच्या जुलैतला वारा म्हणून माकडटोपी घालून. माझ्या शेजारी घडीच्या खुर्चीवर ताठ बसले. मांडीवर पिशवी, तिच्यात भडंगाचा मोठा पुडा. पोराला एवढं शिकवणाऱ्या साहेबांसाठी मिरजेहून आणलेला. तुमचे साहेब कुठले, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, कामात आहेत, येतील. हातात कागद लावलेली पाटी घेऊन वाघोलीकर आमच्या पुढून दोनदा गेले. दोन्ही वेळा आप्पा अर्धवट उठले. वाघोलीकरांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

खेळ समजायला आप्पांना वेळ लागला नाही. अर्ध्या तासाने मला म्हणाले, "म्हणजे हितं कोपराला बंदी न्हाईच?"

"नाही, आप्पा."

"कसंबी वाकवा?"

"कसंही."

त्यांनी पुढचे दोन-चार चेंडू कोपरावर नजर ठेवून बघितले. मग म्हणाले, बरं हाय की मग. आणि माकडटोपी काढून नीट घडी करून खिशात ठेवली.

उंचवट्यावर कोडी होता. मला वाटलं, आधी तो आणि मग दत्ता. आम्ही बघता बघता एवढे पुढे गेलो की समोरच्या टीमने जिंकण्याचा नाद सोडला, पोरं आपापसात थट्टा करायला लागली. तरी कोडीच. एकदा तर कोडी स्वतः वाघोलीकरांकडे आला, दत्ताकडे बोट दाखवून काही बोलला. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारून परत पाठवलं. दत्ता बाकावर हातात ग्लव्ह घालून बसला होता, ऊब राहावी म्हणून दंड चोळत. आप्पा चेंडूकडे बघत नव्हते, बाकाकडे बघत होते. मला राहवेना. स्कोअरची वही खुर्चीवर आपटली आणि गेले.

"वाघोलीकर, तुम्ही शब्द दिला होता."

"वहिनी, हे इमोशनचं काम नाही. ते बघा, निळ्या जॅकेटमधले. दुसऱ्या टीमचे आहेत, कोडीला बघायला आलेत. पुढच्या हिवाळ्यात डील करायचं तर आज त्याची व्हॅल्यू दिसली पाहिजे. दत्ताला पुढच्या रविवारी देतो."

"पुढच्या रविवारी आप्पा मिरजेत असतील."

"मग व्हिडिओ पाठवू ना त्यांना."

जुलै महिना, डोक्यावर चक्क ऊन, आणि या माणसाच्या डोक्यात हिवाळा चालू. कोडी तर तोवर अमेरिकेला परतही गेला असता. मी आयुष्यात कोणाला तोंडावर 'नीच' म्हटलेलं नाही. त्या दिवशी म्हटलं. त्यांनी बिया तोंडात टाकल्या आणि निळ्या जॅकेटकडे चालू लागले.

मॅच संपली, जिंकलो. लोक हात मिळवत होते, तंबू उतरवत होते. आप्पा खुर्चीवर तसेच.

"संपलं?" मला विचारलं.

"संपलं, आप्पा."

दत्ता आला. ग्लव्ह अजून हातातच. आज न्हाई जमलं आप्पा, एवढंच म्हणाला आणि सवयीने खाली बघायला लागला. आप्पांनी पिशवी माझ्याकडे दिली, उठले आणि मैदानात चालू लागले. मध्ये जाऊन, अंपायर जिथे उभा राहतो बरोबर तिथे थांबले आणि मागे वळले.

"कुठनं टाकतोस तू?"

दत्ताने उंचवट्याकडे बोट दाखवलं.

"जा मग तिकडं."

मंदारने पॅड काढून टाकले होते, गुडघ्यावर पट्टी बांधत होता. मी काही म्हणायच्या आत त्याने पट्टी टाकून दिली, तोंडावर जाळी चढवली आणि आप्पांच्या पुढे उकिडवा बसला. कोडी धावत जाऊन चेंडूंची बादली घेऊन आला आणि दत्ताच्या पायाशी ठेवून बाजूला झाला. पहिला चेंडू पार वरून गेला. दुसरा जमिनीवर आपटला. तिसरा मंदारच्या ग्लव्हमध्ये असा बसला की तंबू उतरवणारी माणसं थांबून बघायला लागली. आप्पा वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बघत होते. चार-पाच चेंडू झाले. मग ते सरळ झाले आणि तिथून निघून बाजूला जाऊन उभे राहिले. पंच बाजूला उभा राहतो तिथे, जिथून कोपर दिसतं. दत्ता थांबला. त्याचा हात वरच्या वर राहिला. त्याने बाजूला आप्पांकडे पाहिलं.

"टाक की लेका."

त्याने टाकला. कोपर जसं वाकायचं तसंच वाकलं. आप्पांनी आपला उजवा हात पाठीमागे, डाव्या हाताने मनगटाशी घट्ट धरून ठेवला होता. चेंडू ग्लव्हमध्ये गेला. आप्पा म्हणाले, "बरोबर हाय. चालू दे." आणि पुढच्या प्रत्येक चेंडूला तेवढंच म्हणत राहिले, बरोबर हाय, चालू दे. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, हुंदके देऊन रडले. कोडीला मराठीचा एक शब्द कळत नव्हता, तोही नाक ओढत होता.

तेवढ्यात वाघोलीकर गाडीकडून आले. खांद्याला रिकामी पिशवी. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही सुट्टीसाठी पुण्याला गेलो आणि परत येईपर्यंत ते नोकरी बदलून कॅनडाला निघून गेलेले, त्यामुळे मी त्यांना पाहिलं ते हे शेवटचं. घड्याळाकडे बघत मैदानाच्या मधोमध येऊन उभे राहिले. "दत्ता, बॉल दे. मला निघायचंय."

आप्पा लगबगीने पुढे झाले. शर्ट सारखा केला, माझ्याकडे पिशवीसाठी हात केला आणि दत्ताला विचारलं, "हेच का रे तुझे साहेब?"

दत्ताने वाघोलीकरांकडे पाहिलं. त्याने खाली न बघता समोर बघितल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"न्हाई, आप्पा," तो म्हणाला. "हे बॉल न्यायला आलेत."

आप्पांचा पिशवीकडे आलेला हात मागे गेला. पायाशी गवतात एक चेंडू पडला होता, तो त्यांनी वाकून उचलला, पँटला पुसला आणि वाघोलीकरांच्या हातात दिला. "घ्या भाऊ. ताटकळायला लावलं तुम्हाला," म्हणाले. वाघोलीकरांनी एकेकाकडे बघितलं, मंदारकडे, कोडीकडे, माझ्याकडे. मग ते गवतातले बाकीचे चेंडू वेचायला वाकले. आम्ही तंबूच्या आडोशाला बसून भडंगाचा पुडा फोडला.